मागचं अंगण १५ बाय २४ : बाग करावी की बसायची जागा? (सल्ला हवा)

अंगणवेडी

मंडळी, पुण्याच्या एका उपनगरात आमचं रो हाउस आहे. मागे १५ फूट खोल आणि २४ फूट रुंद अशी मोकळी जागा. सध्या तिथे राडारोडा मिसळलेली काळी माती, गच्चीवरून खाली आलेला पावसाच्या पाण्याचा पाइप, मोडकी सायकल आणि डालड्याच्या डब्यातली तुळस एवढा ऐवज आहे. स्वयंपाकघराचं दार तिथेच उघडतं. घर पूर्वेला, म्हणजे ही जागा पश्चिमेला. तिन्ही बाजूंनी पाच फुटी भिंत.

घरात आम्ही दोघं, सासूबाई (गुडघे दुखतात), मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. संध्याकाळी चहा घेऊन बसता यावं, सासूबाईंना थंडीत ऊन खाता यावं, मुलांना मातीत लोळता यावं, थोडी मेथी-कोथिंबीर निघावी आणि तुळशीच्या लग्नाला दहा-बारा माणसं उभी राहावीत, एवढंच मागणं आहे.

नर्सरीवाला येऊन पाहून गेला. मध्ये लॉन, कडेने पाम, कोपऱ्यात फायकस आणि एक फायबरचा धबधबा, असा आराखडा देऊन गेला. धबधब्याचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "गच्चीचा पाइप आहे की!"

मला वाटतं, ही जागा बाग न समजता घराचीच एक बिनछपराची खोली समजावी. पण खोली म्हटली की सुरुवात कुठून करायची? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

खडीसाखर

लॉनला आधी नाही म्हणा. हरळीला दिवसभर ऊन लागतं, तुमच्याकडे सकाळी घराचीच सावली. शिवाय पाणी, कापणी, तण. आणि पाच वर्षांच्या मुलाला लॉनवर उकरायला कोण देणार? झाडांचं सवडीने लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

स्पष्टवक्ता

एवढ्याशा जागेत कसली खोली अन् कसलं काय. चार खांब रोवा, पत्रा मारा, खाली टाइल. पावसातही बसता येईल. विषय संपला.

ओळंबा

स्पष्टवक्ता, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा, मग विषय संपवू. :) शिवाय इमारतीभोवती मोकळी सोडायची जी जागा असते तिच्यावर पक्कं छप्पर घालणं नियमात बसतं का, हे आधी आर्किटेक्टला विचारलेलं बरं. नोटीस येते तेव्हा पत्राही जातो आणि खांबही.

अंगणवेडीताई, सिव्हिलचा माणूस आहे, त्यामुळे झाडांबद्दल मला विचारू नका. पण खोली म्हणताय ते शंभर टक्के बरोबर. आणि खोली म्हटली की आधी ठरवायचं ते माणसं कुठे बसणार, चालणार कुठून. झाडं शेवटी येतात. नर्सरीवाल्याचा आराखडा नेमका उलटा असतो, कारण त्याला झाडं विकायची असतात.

पहिलं काम, ऊन बघा. तुमचं घर दुमजली, साधारण २० फूट उंच धरतो. म्हणजे मे महिन्यात सकाळी दहापर्यंत अख्ख्या अंगणावर घराची सावली. दहा ते चार कडक ऊन. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. तेव्हा कुठल्याही भिंतीचा काही उपयोग नाही. साडेचारला पश्चिमेच्या पाच फुटी भिंतीची सावली साडेसात फूट आत येते, पाचला दहा फूट. म्हणजे संध्याकाळी बसायची जागा पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून. घराच्या भिंतीला टेकून बसलात तर दुपारभर तापलेली भिंत पाठीला आणि मावळता सूर्य डोळ्यांत.

आता एक खोच. सावली जमिनीवर पडली म्हणजे डोक्यावर पडली असं नाही. कट्ट्यावर बसल्यावर डोकं जमिनीपासून चार फुटांवर असतं आणि भिंत आहे पाच फुटांची. पायांना सावली साडेचारच्याही आधी, डोक्याला बरीच उशिरा. तेवढ्यासाठी कट्ट्याच्या वर आठ फुटांवर हलका मांडव हवा. लोखंडी पाइप, वर तारा, त्यावर वेल. हेच तुमच्या खोलीचं छत.

मापं : मांडव १० फूट लांब, ७ फूट रुंद, पश्चिमेच्या भिंतीला लागून. कट्टा १७ इंच उंच, १८ इंच रुंद. सासूबाईंसाठी मात्र कट्टा नको, हाताची खुर्ची ठेवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसायला त्रास नसतो, उठायला असतो. हाताला धरायला काहीतरी लागतं. दारापासून मांडवापर्यंतची वाट चार फुटांची. हातात चहाचा ट्रे आणि पायात घुटमळणारं पोर, एवढं गृहीत धरून.

मधली जागा रिकामी. तिथे काहीही लावायचं नाही.

अंगणवेडी

ओळंबादादा, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते. पण मध्ये काहीच नाही म्हणजे ओकंबोकं नाही का दिसणार? नवऱ्याचं म्हणणं, मध्ये गोल वाफा, त्यात गुलाब.

शनिवारपेठी

नवऱ्याला एकदा जुना वाडा दाखवून आणा. विश्रामबागवाडा पाहिला असेलच, नसेल तर जवळच आहे. वाड्याचा चौक म्हणजे काय? चारी बाजूंनी सोपे (ओसऱ्या), मध्ये फरसबंदी, एखादं तुळशीवृंदावन, हौद. बस. ऊन, वारा, पाऊस आणि गप्पा मध्ये, माणसं कडेला. तो चौक मोकळा असायचा म्हणूनच त्यात मुंज व्हायची, वाळवणं पडायची, पोरं लगोरी खेळायची. मध्ये गुलाबाचा गोल वाफा असता तर पहिल्या मुंजीला तो उखडला असता.



ओकंबोकं दिसण्याचं कारण मधली मोकळीक नसते, कडा उघड्या पडलेल्या असतात. कडा भरा, मधलं आपोआप चौकासारखं दिसेल.

माडाबनातला

पेठेतल्या काकांना अनुमोदन. आमच्या मालवणकडे ही बिनछपराची खोली दर वर्षी नव्याने करतात. पाऊस सरला की घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, करायचं. माती टाकायची, पाणी मारायचं, चोपण्याने बडवून बडवून गुळगुळीत करायची, मग शेणाने सारवायची. वर पोफळीच्या खांबांवर मांडव, त्यावर माडाची झापं. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सगळं घर खळ्यात. जेवणं, सोलं-आमसुलं सुकवणं, आंब्याच्या साठांची ताटं, रात्री बाजल्यावर झोप. मृगाच्या आधी मांडव उतरवला की पाऊस पुन्हा खळ्याचा मालक.

सांगायचा मुद्दा, छत कायमचं असलंच पाहिजे असं कुठे आहे? पावसात तुम्ही तसेही बाहेर बसणार नाही. डासच बसू देणार नाहीत.

गोव्यातल्या जुन्या घरांत याची दोन रूपं बघायला मिळतात. आतल्या बाजूला तुळशीचं राजांगण, घराचं स्वतःचं. आणि पुढे रस्त्याकडे तोंड केलेला बाल्कांव, दोन बाजूंना बांधीव बाकं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला. तुमचं मागचं अंगण राजांगणाच्या जातीचं आहे. बाहेरचं कुणी दिसायची गरज नाही.

टेम्सकाठी

इंग्लंडातून लिहितेय, रीडिंगहून. घरामागे ३० बाय २० ची बाग. ओळंबादादांचं उन्हाचं गणित वाचून हसू आलं, कारण इथे सगळं उलटं. घर विकणारा एजंट "दक्षिणमुखी बाग" हे वाक्य ठळक अक्षरांत लिहितो आणि लोक त्यावर भाव देतात. डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो. सहा फुटी लाकडी कुंपणाची सावली बावीस फूट! पुण्यात त्याच दिवशी सूर्य ४८ अंशांवर, तेवढ्याच कुंपणाची सावली साडेपाच फूट. माझी बाग घराच्या उत्तरेला. त्यामुळे आमची बसायची जागा घरापासून लांब, अगदी टोकाला केली, जिथे घराची सावली सगळ्यात शेवटी पोचते. इथल्या शेजाऱ्यांनी मात्र दाराबाहेरच फरशी घातलीय आणि जूनमध्येही स्वेटर घालून बसतात.

म्हणून ताई, इंटरनेटवरचे परदेशी बागांचे फोटो बघून काही ठरवू नका. त्यांची सगळी धडपड ऊन पकडायची असते, आपली टाळायची. त्या फोटोंतले काळे दगड आणि काळ्या भिंती पुण्यात मे महिन्यात अंग भाजून काढतील.

माझा कढीपत्ता कुंडीत आहे आणि ऑक्टोबर आला की दिवाणखान्यात राहायला येतो. असो.

खडीसाखर

आले. आता झाडं.

फायकस नको. वड-पिंपळाच्याच कुळातला तो, मुळं भिंत आणि ड्रेनेज दोन्ही शोधत जातात. पामला सावली नाही, फूल नाही, पक्षी नाही, वाळक्या झावळ्या तेवढ्या काढत बसा.

एवढ्या जागेत मोठं झाड एकच. आणि ते लावण्याआधी दहा वर्षांनंतरचं चित्र डोळ्यांपुढे आणा, कारण नंतर पटलं नाही म्हणून कापून टाकता येत नाही. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ चा कायदाच आहे तसा.

माझं मत पांढऱ्या चाफ्याला, म्हणजे देवचाफ्याला. फांदी तोडून आठवडाभर सावलीत ठेवायची, चीक सुकला की लावायची. थंडीत पानं गाळतो, त्यामुळे तेव्हा ऊन खाली येतं. उन्हाळ्याच्या तोंडी पालवी धरतो. उंची आटोक्यात राहते. एकच, फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला तर खाज सुटते. मुलांना सांगून ठेवा.

कुठे लावायचा? उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, हिवाळ्यात बराच दक्षिणेला सरकलेला असतो. म्हणून चाफा वायव्य कोपऱ्यात. नैर्ऋत्य मोकळी सोडा, तिथून जानेवारीचं तिरपं ऊन आत येईल आणि सासूबाईंची खुर्ची दुपारी तिकडे सरकवता येईल. (वास्तूवाले मोठं झाड नैर्ऋत्येला सांगतात. त्यांच्या सासूबाईंना ऊन नको असेल.)

मांडवावर पहिल्या वर्षी तोंडलीच. काडी लावा, पावसाळ्यात चढते, भाजीही मिळते. थंडीत मंदावते, तेव्हा बिनधास्त छाटा. मांडव उघडा पडून ऊन येतं आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतो. मधुमालतीचा मोह होईल. सुंदर आहे, पण ती मांडवावर थांबत नाही, शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जाते. वासासाठी कट्ट्याच्या टोकाला जुई लावा. तिन्हीसांजेला फुलते, म्हणजे तुम्ही बसता तेव्हाच.

उत्तरेच्या भिंतीला अडीच फुटी वाफा, भाज्यांचा. यापेक्षा रुंद नको, भिंतीकडच्या टोकापर्यंत हात पोचला पाहिजे. दक्षिणेला तगर, अनंत, गवती चहा, पुढे पुदिना. पुदिना मात्र कुंडीतच, नाहीतर वाफा त्याचाच.

आणि लहान मुलं आहेत म्हणून मुद्दाम सांगते : कण्हेर नको, पिवळी बिट्टी तर मुळीच नको. बिट्टीच्या बिया खेळायला छान वाटतात, पण विषारी असतात. डिफेनबेकियाही नको, पान चावलं तर तोंड सुजतं.

स्पष्टवक्ता

मांडव, वेल, कुंड्या... डास किती होतील याचा हिशोब कुणी केलाय का?

खडीसाखर

केलाय. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या केल्या की साखळी तुटते. कमळाचं भांडं ठेवायचंच असेल तर त्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. पत्र्याच्या पन्हाळीत साचलेलं पाणी मात्र कुणाला दिसत नाही, स्पष्टवक्ताभाऊ.

चिमणीची_आई

मी फक्त मुलांचं लिहिते. प्लास्टिकची घसरगुंडी-बिसरगुंडी आणू नका, वर्षभरात उन्हाने फिकुटते आणि मुलं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. एक कोपरा नुसत्या मातीचा सोडा. पाच बाय चार पुरे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा.

आमच्याकडे त्याच कोपऱ्यात दिवाळीला किल्ला होतो. एरवी फ्लॅटमधली पोरं बांधकामावरची माती पोत्यातून आणतात, इथे माती हक्काची. विटांचे तुकडे आतून, वरून चिखल, पोत्याचं फडकं चिखलात बुडवून त्याचा डोंगर. त्यावर अळीव पेरायचे. तीन-चार दिवसांत हिरवा लुसलुशीत थर येतो. पोरं सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघतात अळीव किती वाढले ते. तटावर मावळे आणि बाजूला कुठूनतरी आलेला डायनोसॉर असतोच. तुळशीच्या लग्नानंतर पाणी मारायचं, किल्ला पुन्हा मातीत.

अंगणवेडी

किल्ल्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मुलीला वाचून दाखवलं तर तिने जागेवर खडूने चौकोनही आखला. आता फरशी : शहाबादी, कोटा, की ते सिमेंटचे पेव्हर? आणि गच्चीच्या पाइपाचं काय करू?

ओळंबा

आधी पाइप, कारण तो खोदकामात येतो. गच्ची ६०० चौरस फूट धरली तर ५० मिलिमीटरच्या एका जोरदार पावसात २,८०० लिटर पाणी त्या पाइपातून खाली येतं. ते तुमच्या बसायच्या जागेत सोडायचं नाही. टाकी भरून घ्या, उरलेलं घरापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात शोषखड्ड्यात. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून खड्ड्यातून जादा पाणी सोसायटीच्या पावसाळी गटाराला जाईल अशी वाट ठेवाच.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी बसवली की दोन पावसाळ्यांत लाटा येतात. निदान फूटभर उकरून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा), वर खडी, मग फरशी. राडारोड्यातले विटांचे तुकडे फेकू नका, शोषखड्ड्यात कामी येतील.

फरशी शहाबादी, खडबडीत बाजू वर. पॉलिश केलेली नको, पावसात शेवाळलं की सासूबाई घसरतील. ग्लेझ टाइलही त्याच कारणासाठी बाद. कडप्पा काळा, अनवाणी पाय पोळतील. कोटा चालेल, पण तोही बिनपॉलिशचा. मांडवाखाली सांधे सिमेंटने भरा, खुर्चीचा पाय अडकत नाही. मधल्या चौकात सांधे रुंद ठेवून त्यात वाळू भरा, थोडं पाणी मुरेल.

फरशीची पातळी घराच्या जोत्यापेक्षा सहा इंच तरी खाली. सलग जमीन दिसावी म्हणून दाराच्या उंबऱ्याला भिडवतात, फोटोत छान दिसतं, भिंतीला ओल धरते. त्याऐवजी दाराबाहेर एकच रुंद पायरी करा, चार फुटांची. तिच्यावर बसून भाजीही निवडता येते.

वीज : मांडवाशी एक प्लग पॉइंट, झाकणाचा. बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, त्यात काटकसर नको. दिवे पिवळे, कमी उंचीवर, भिंतीकडे तोंड करून. पांढऱ्या प्रखर दिव्यावर किडे जास्त येतात आणि चहात पडतात.

अंगणवेडी

ठरलं ते असं. वायव्येला चाफा, पश्चिमेला मांडव आणि कट्टा, त्यावर तोंडली, टोकाला जुई. उत्तरेला भाजी. तुळशीवृंदावन स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोब्बर समोर, पण मांडवाच्या बाहेर, चौकाच्या कडेला, म्हणजे लग्नाला भोवती उभं राहता येईल. आग्नेयेला किल्ल्याची माती, शोषखड्डा नैर्ऋत्येला जमिनीखाली. गुलाब कुंडीत, नवऱ्याच्या स्वाधीन. पत्रा नाही, धबधबा नाही.

एकच वाद शिल्लक आहे. सासूबाईंना झोपाळा हवाय. त्यांच्या माहेरी ओटीवर कडीचा होता. मांडवाला टांगू का?

शनिवारपेठी

झोपाळा हवाच. त्याशिवाय खोली कसली.

ओळंबा

वेलाच्या मांडवाला झोपाळा टांगायचा नाही. तो तोंडलीचं वजन पेलेल. हलणाऱ्या दोन माणसांचं पेलणार नाही. स्वतंत्र चौकटीचा घ्या आणि मागेपुढे तीन-तीन फूट मोकळे सोडा. ती जागा मांडवाखाली नाही. चौकात ठेवलात तर तुळशीच्या लग्नाला उचलून बाजूला करावा लागेल, म्हणून बोल्टने सुटा होणारा बघा. तिसरा पर्याय, कट्टा १० फुटांऐवजी ४ फुटांचा करा आणि मांडवाचं उरलेलं टोक झोपाळ्याला द्या. पण मग त्या टोकाचे खांब जाड, काँक्रीटमध्ये अडीच फूट गाडलेले, वर आडवी तुळई लोखंडी, मांडवही चौकाच्या बाजूला दोन फूट वाढवलेला. फॅब्रिकेटरला वजन सांगूनच काम द्या. सासूबाई एकट्या बसणार नाहीत, दोन्ही नातवंडं धरून सांगा.

आणि फरशी झाली की गवंड्याला दारात उभं राहून बादलीभर पाणी ओतायला लावा. दर दहा फुटांना दीड इंच उतार पाहिजे, घरापासून लांब जाणारा. पाणी पायरीशी थबकलं तर शेवटचा हप्ता देऊ नका.